पिण्याची विहीर फेब्रुवारीतच आटते : बोअरबंदी करावी की पिकांचे क्षेत्र ठरवावे?

पूर्व सिन्नर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्या गावाला कालव्याचे पाणी नाही. शेती आणि पिण्याचे पाणी दोन्ही भूजलावरच अवलंबून आहे. मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य आहे. ओढ्याकाठची आमची पिण्याच्या पाण्याची विहीर सुमारे सात परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) खोल आहे. जुनी माणसे सांगतात, की पूर्वी ती मे महिन्यापर्यंत गावाला पुरत असे. आता फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा तळ दिसू लागतो आणि एप्रिलपासून टँकरची वाट पाहावी लागते.

ओढ्यावर सिमेंटचे बंधारे झाले, नालाखोलीकरण झाले, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी बंधाऱ्यांत डिसेंबरपर्यंत पाणी दिसतेही. तरीही विहिरीची स्थिती सुधारलेली नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला मागील काही वर्षांत पुष्कळ बोअर झाले असून त्यांतील काही चारशे-पाचशे फुटांपर्यंत गेले आहेत. १ मेच्या ग्रामसभेत आम्ही गावशिवारात नवीन बोअर न घेण्याचा ठराव केला, पण दिवाळीच्या आतच तमिळनाडूची पाटी असलेले बोअरचे ट्रक रात्री शिवारात उभे राहिले आणि सकाळी शेतात पांढऱ्या भुकटीचा ढीग तेवढा दिसला. ज्यांनी ठरावाला हात वर केला होता, त्यांच्यापैकीच एकाचे ते शेत होते.

आता गावात दोन मते आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की विहीर आणखी दोन परस खाली न्यावी आणि तळात उभे बोअर मारावेत. दुसऱ्या गटाला वाटते, की पिकांवरच मर्यादा आणल्याशिवाय काही साधणार नाही. पण ही मर्यादा कोणत्या आधारावर ठरवायची, हे त्यांनाही सांगता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे बळ कितपत आहे, विहीर खोल केल्याने फायदा होईल का आणि लागवडीचे क्षेत्र कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त भूवैज्ञानिक, नाशिकरोड

विहीर खोल करून तळात बोअर मारण्याचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन. त्याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. नाशिक जिल्हा जवळजवळ संपूर्ण बेसाल्टवर, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांवर वसलेला आहे. वर माती आणि मुरूम, त्याखाली फुटलेला, भेगाळलेला किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक, त्याखाली काळा कातळ, मध्येच गेरूसारखा लाल थर, आणि पुन्हा तसाच क्रम. पाणी साठते आणि वाहते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या भागात. आपली सात परस विहीर याच उथळ थराच्या पाण्यावर आहे. अशा खडकाची साठवणूक फार कमी असते. भूजलाच्या अंदाजासाठी सामान्यतः शंभरात दोन भाग धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढली, तर प्रत्यक्षात दोनशे घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर पाणी वाढलेले असते. पावसाळ्यात विहीर तोंडापर्यंत भरलेली पाहून पाणी विपुल असल्याचा जो समज होतो, तो या खडकात टिकत नाही.

खोल बोअरचा प्रश्न केवळ उपशाचा नाही. आपल्याकडे बोअर घेताना केसिंग पाइप बहुधा वरच्या मातीमुरमापुरताच टाकतात; त्याखालचे चारशे फूट छिद्र उघडेच राहते. हे छिद्र उथळ, पाणीधारक थरातून खाली कोरड्या भेगांपर्यंत गेले, की वरच्या थरातील पाणी मोटार चालू असो वा नसो, छिद्राच्या कडेने खाली झिरपत राहते. बोअरमध्ये कान लावल्यावर आत पाणी पडल्याचा आवाज पुष्कळांनी ऐकला असेल. तो नवा झरा लागल्याचा आवाज मानला जातो, परंतु अनेकदा ते शेजारच्या विहिरीचेच पाणी असते. म्हणून भाकड गेलेले, कोरडे बोअर तसेच उघडे न ठेवता चिकणमाती आणि सिमेंटने नीट बंद करणे, हे बोअरबंदीइतकेच महत्त्वाचे आहे. पिण्याच्या विहिरीच्या तळात उभे बोअर मारले आणि ते कोरड्या थरात गेले, तर आहे तो साठाही आपण आपल्या हाताने खाली सोडून देऊ.

कायद्याविषयी थोडक्यात. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क आहे, असेच मानले गेले. या हक्कावर राज्यात पहिली मोठी मर्यादा आणली ती १९९३ च्या पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या भूजल अधिनियमाने. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून (स्रोतापासून) पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला आणि तो १ जून २०१४ पासून लागू झाला. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर शेती आणि उद्योगासाठी निर्बंध, पिण्याच्या उद्भवाच्या प्रभावक्षेत्राचे संरक्षण, बोअर यंत्रांच्या मालकांची नोंदणी, अशा तरतुदी त्यात आहेत. ग्रामसभेचा ठराव एकटा कोणाला दंड करू शकत नाही. परंतु ठरावासोबत पिण्याच्या विहिरीभोवतीच्या गटक्रमांकांची यादी आणि नकाशा जोडून तो तहसीलदारांकडे व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे लेखी पाठवला, तर त्याला वेगळे वजन येते. बोअरच्या ट्रकची नोंदणी झालेली असावी लागते, एवढे गावात सर्वांना ठाऊक झाले तरी रात्रीचे काम काही प्रमाणात थांबते.

चांदवडचा बागायतदार

मी बोअरबंदीच्या विरोधात आहे, असा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगतो, की माझ्या स्वतःच्या दोन बोअरपैकी एक कोरडा आहे आणि तो घेण्यासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे. तरीही मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. आज बंदी केली, तर ज्यांनी पूर्वीच खोल बोअर घेतले आहेत त्यांचा उपसा कोणी थांबवणार आहे का? ज्याच्याकडे विहीर नाही किंवा ज्याची विहीर उथळ आहे, तो बहुधा लहान शेतकरी असतो. बंदीचा फटका त्याला बसतो, आणि ज्याने पाण्यावर आधी हात मारला त्याचा हक्क मात्र कायमचा होतो. ठरावाला हात वर करणाऱ्यानेच रात्री बोअर का घेतला, याचे उत्तर लबाडी एवढेच नाही. आपण थांबलो तरी शेजारी थांबणार नाही, ही भीती त्यामागे असते.

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. सरकारी अनुदानाने झालेली प्लास्टिकची शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरतात, असे कागदावर असते. आमच्या भागात तरी बहुतेक तळी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून भरली जातात, कारण त्यांचा काठ जमिनीपेक्षा उंच असतो आणि ओढ्याचे पाणी त्यात शिरतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीखालचे पाणी काढून उन्हात उघडे ठेवायचे, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. मार्च ते मे या काळात उघड्या पाण्यावरून दररोज सात-आठ मिलिमीटर बाष्पीभवन सहज होते; चौतीस मीटर लांबीरुंदीच्या तळ्यातून त्या तीन महिन्यांत सात-आठ लाख लिटर पाणी पिकाला न मिळता उडून जाते. पण ज्याच्याकडे तळे आहे त्याची बाग जगते, आणि म्हणून प्रत्येकाला तळे हवे असते. गावाचा हिशेब करायचा असेल तर तळ्यांचा आधी करा.

पाण्याच्या नियोजनासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिवरे बाजारचे उदाहरण या चर्चेत कोणी तरी देणारच, म्हणून तेही सांगून ठेवतो. पोपटराव पवारांसारखे नेतृत्व तीन दशके टिकलेले गाव सापडणे कठीण आहे. प्रत्येक गावाला तोच कित्ता देणे मला अन्यायाचे वाटते.

ओझर परिसरातील वाचक

चांदवडच्या मित्रांचा शेवटचा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. हिवरे बाजारमध्ये नेतृत्व होते हे खरे, पण तेथे टिकले ते नियम : शेतीसाठी बोअर नाही, उसासारखी पाणीखाऊ पिके नाहीत आणि त्या वर्षीचा पाऊस पाहून ग्रामसभेत पीक ठरवणे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातले रणदुल्लाबाद हे गाव फारसे प्रसिद्धीत नसते, पण तेथेही बोअर टाळून विहिरींचे पाणी भागीदारीत, पाळीने वापरण्याची रीत गावाने सांभाळली आहे. एकाच व्यक्तीवर उभे नसलेले उदाहरण हवे असेल, तर ते पाहावे.

आमच्या ओझरचा अनुभव कालव्याचा आहे, त्यामुळे तो पूर्व सिन्नरला जसाच्या तसा लागू होणार नाही. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९०-९१ च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्यावर तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की संस्थांनी कालवा आणि विहीर यांचे हिशेब वेगळे ठेवले नाहीत. कालव्याच्या हिश्श्याचे पाणी ओढ्यानाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींचे पुनर्भरण करायचे, आणि मग विहिरीवर भिजणारे क्षेत्रही सामूहिक हिशेबात धरायचे, असा तो विचार होता. माझ्या विहिरीचे पाणी माझ्या एकट्याचे नाही, हे एकदा पटले की पुढची भांडणे निम्मी होतात. उरलेली निम्मी मात्र होतातच, आणि ती मिटवायला दर महिन्याला बसावे लागते.

तुमच्या सिन्नर तालुक्यातच देवनदीवरचे इंग्रजांच्या काळातील वळण बंधारे आणि पाट ‘युवा मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा वाहते केले आहेत. त्या पाटांच्या दुतर्फा असलेल्या विहिरींना पावसाळ्यात काय फरक पडतो, हे एकदा समितीने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बंधारा नुसता बांधून चालत नाही. गाळ काढणे, पाट साफ करणे आणि दारे वेळेवर लावणे यासाठी कोणीतरी जबाबदार असावा लागतो. तुमच्या बंधाऱ्यांत साचलेला गाळ शेवटचा कधी काढला, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही.

पूर्व सिन्नर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. गाळ काढलेला नाही, हे येथे लिहिताना संकोच वाटतो. चांदवडच्या दादांचा मुद्दा आमच्या गावातही लहान शेतकरी बोलून दाखवतात, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. म्हणून बोअर मोजण्यापेक्षा उपसा आणि पिकांचे क्षेत्र मोजावे, असे आता मला वाटू लागले आहे. पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा, हे कोणी साध्या आकड्यांत समजावून सांगेल का? आमचे शिवार सुमारे आठशे हेक्टरचे, लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास आणि मोठी जनावरे सहाशे धरावीत. उन्हाळ कांदा अंदाजे एकशे वीस हेक्टरवर असतो.

निवृत्त भूवैज्ञानिक, नाशिकरोड

आकडे ढोबळ आहेत हे लक्षात ठेवून मांडतो. पाऊस पाचशे मिलिमीटर धरू. आपल्याच जिल्ह्यातील इगतपुरीत तो तीन हजारांच्या वर पडतो, म्हणून जिल्ह्याची सरासरी आपल्या उपयोगाची नाही. गावातच साधे पर्जन्यमापक बसवावे. बेसाल्टच्या अशा भागात पावसाचे साधारण आठ टक्के पाणी खाली मुरते असे मानले, तर चाळीस मिलिमीटर झाले. आठशे हेक्टरवर ते ३,२०,००० घनमीटर, म्हणजे आपण ज्याला ३२० टीसीएम (हजार घनमीटर) म्हणतो तेवढे होते. त्यातील दहावा भाग ओढ्यातून आपोआप निघून जातो असे धरून २८८ उरले.

यातून पहिला वाटा पिण्याचा. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे अडीच हजार लोकांना वर्षाला सुमारे ५० टीसीएम, आणि जनावरामागे रोज ५० लिटर धरून सहाशे जनावरांना ११. म्हणजे शेतीसाठी २२७ उरले. उन्हाळ कांद्याला मोकाट पाण्यावर साठ सेंटिमीटर पाणी लागते असे धरले, तर हेक्टरी सहा टीसीएम, आणि एवढ्या पाण्यात अडतीस हेक्टरच कांदा बसतो. आपल्याकडे एकशे वीस हेक्टर आहे, त्याची मागणी ७२०. ठिबकवर हेक्टरी चार टीसीएममध्ये भागवले तरी ती ४८० होते. बंधाऱ्यांमुळे मुरणारे जादा पाणी आणि भिजवलेल्या शेतातून परत खाली जाणारे पाणी मिळवले, तरी ही दरी भरून निघत नाही. ती भरून निघते ती पिण्याच्या विहिरीतून. हेच २२७ हरभऱ्याला दोन संरक्षित पाण्यांवर, हेक्टरी दीड टीसीएमप्रमाणे दिले, तर दीडशे हेक्टर भिजू शकते. मी कांदा बंद करा असे म्हणत नाही; हरभऱ्यावर घर चालत नाही, हे मलाही कळते. पण प्रत्येक कुटुंबाला, विहीर असो वा नसो, थोडे कांद्याचे क्षेत्र आणि बाकी हरभरा असा वाटा बसवता येतो का, याची चर्चा आकड्यांवर होऊ शकते. चांदवडच्या प्रश्नाचे उत्तर मला यातच दिसते : बंदी बोअरवर असेल तर जुन्यांचा फायदा होतो, मर्यादा कुटुंबागणिक क्षेत्रावर असेल तर जुना आणि नवा एका पंगतीत बसतो. शेततळ्यात भरलेले पाणीही त्या कुटुंबाच्या वाट्यातूनच वजा धरावे.

वेळेचे मात्र पक्के भान हवे. उन्हाळ कांद्याचे उळे (बी) वाफ्यात पडले, की त्या शेतकऱ्याला जानेवारीत “लागवड कमी कर” म्हणणे व्यर्थ असते. रोप तयार असते, मजुरांना उचल दिलेली असते. म्हणून निर्णय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच झाला पाहिजे. पाऊस सरत आलेला असतो आणि विहिरींची पातळी सर्वांत वर असते. भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत करते. गावाने आपल्या दहा-बारा विहिरी निवडून त्याच महिन्यांत मोजाव्यात. त्यासाठी महागडे यंत्र नको. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला लोखंडी नट पुरेसा आहे. कठड्यावर रंगाने खूण करून दर वेळी त्याच खुणेपासून मोजावे, आणि मोटार रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजावे, नाहीतर आकडा खोटा येतो. नोंदी शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर लिहाव्यात. नाशिकसह राज्यातील तेरा जिल्ह्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेतही ताळेबंदावर भर होता. आपल्या जवळपासच्या ज्या गावांनी तो केला असेल, त्यांची वही मागून पाहावी.

देवळा तालुक्यातील आरोग्य सेविका

सर्व चर्चा पाण्याच्या परिमाणाची झाली, म्हणून गुणवत्तेबद्दल थोडे लिहिते. पुनर्भरणाच्या उत्साहात काही ठिकाणी शेतातले पावसाचे पाणी थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडतात. कांद्याच्या आणि द्राक्षांच्या शेतातून येणाऱ्या या पाण्यात खतांचे नायट्रेट आणि औषधांचा अंश असतो. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते पाणी उकळल्याने किंवा टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकल्याने कमी होत नाही. बाटलीवर दूध पिणाऱ्या लहान बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. पुनर्भरण करायचेच असेल तर पिण्याच्या विहिरीपासून दूर करावे, आणि खडी-वाळूच्या गाळणीतून पाणी जाऊ द्यावे. तरी लक्षात ठेवावे, की गाळणी गाळ अडवते, नायट्रेट नव्हे. पाणी घराच्या पत्र्यावरचे असेल, तर ही चिंता पुष्कळ कमी होते.

विहिरीभोवती उकिरडा, गोठ्याचे सांडपाणी आणि शौचालयाचे शोषखड्डे किती जवळ आहेत, ते पाहावे. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड याच पाहणीवर अवलंबून असते. ते नुसते कपाटात ठेवण्यासाठी नसते. पाणी कमी झाले की दूषितपणा वाढतो, त्यामुळे फेब्रुवारीनंतर तपासणी जास्त वेळा करावी. आणि समितीत पाणी भरणाऱ्या बायकांना खरोखर बोलू द्यावे. विहिरीला उमाळा कधी कमी झाला, हे त्यांना मोजणीच्या आधी कळलेले असते.

पूर्व सिन्नर (प्रश्नकर्ता)

ताईंची सूचना मान्य. समितीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. विहिरीतील उभ्या बोअरचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि ती रक्कम बंधाऱ्यांतील गाळ काढण्यासाठी व विहिरीच्या वरच्या अंगाचे भाकड बोअर बंद करण्यासाठी वापरावी. वर्षातून चार वेळा बारा विहिरी मोजाव्यात. आणि कुटुंबागणिक कांद्याच्या क्षेत्राची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी. पहिल्या वर्षी पूर्ण मर्यादा मान्य होईल असे वाटत नाही. गाव तयार झाले तर एकशे वीस हेक्टरवरून नव्वदवर यावे, एवढीच अपेक्षा आहे. शिवाराच्या खालच्या बाजूच्या गावालाही बैठकीला बोलवायचे का, यावर मात्र समितीत आताच मतभेद आहेत.

निवृत्त भूवैज्ञानिक, नाशिकरोड

अवश्य बोलवा. पाणलोट दोन्ही गावांचा एकच आहे. तुमच्या ओढ्याच्या खाली त्यांची विहीर आहे, आणि तुम्ही वाचवलेले पाणी त्यांच्या बोअरने ओढले, तर पुढच्या वर्षी तुमचा ठराव कोणी पाळणार नाही. पहिल्या बैठकीत त्यांच्याकडे काही मागू नका. त्यांच्याही दोन विहिरी तुमच्या मोजणीच्या यादीत घ्या आणि आकडे दोन्ही गावांच्या भिंतींवर लिहा.